ती वांगी माझी नव्हती

मन्या, तुझ्या तेरवीला सुमनवहिनीनं मला सगळ्या पाहुण्यांसमोर मोठं करून टाकलं. पंगत बसली होती, मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. वहिनी दारातून तुझ्या नागपूरच्या साडूंना सांगत होत्या, "हे वसंताभाऊजी, सौंसरचे. त्याईनं शेवटचं मन लावून खाल्लं ते याईच्या वांग्याचं भरीत. सोताच्या हातानं लावलेले वांगे गाडीवर घेऊन आले होते बापा, एवढ्या थंडीत." साडूंनी मान हलवली. पंगतीतून कोणीतरी म्हणालं, "दोस्त असावा तं असा." मी बादली घेऊन पुढं सरकलो आणि एकाच माणसाच्या पानात तीनदा वरण वाढलं. तो बिचारा हात आडवा धरून बसला तरी मला दिसलं नाही.

ती वांगी माझी नव्हती. सौंसरच्या बाजारातून घेतली होती. तू ती माझी समजून खाल्लीस, नवव्या दिवशी गेलास, आणि मी तुला खरं सांगायचा राहिलो. आता सांगतो आहे. मधे बोलू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

सुरुवात तुझ्यामुळे झाली, म्हणजे अर्धा दोष तुझाच. मागच्या भाद्रपदात मी बँकेच्या कामाला पांढुर्ण्याला आलो होतो. काम आटोपून तुझ्याकडे आलो तर तू गच्चीवर. माझ्या हातात बाजाराची पिशवी, वर कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. तू झारी खाली ठेवलीस आणि पिशवीकडे असं पाहिलंस की जणू मी चोरीचा माल घेऊन आलो.

"काय बे वसंत्या, शेतकरी ना तू? मंग सांभार कायले इकत घेऊन राह्यला?"

"संत्र्याच्या बागेत सांभार नाही पेरत कोनी."

"तुह्या घरामागं एवढी सांदवाडी हाये. तिथं काय करतं, शेळ्या नाचवतं?"

"तेवढ्याशा जागेत काय होते? बाहुलीचा खेळ."

"मंग बाहुलीचा खेळच करून दाखव. एक भाजी. सोताच्या हातची. मी जेवाले येतो."

मला राग आला होता, तुला सांगतो. पाच एकर संत्रा आहे माझा, दोन एकर कापूस. आणि तू कोण, तर तहसीलीतला बाबू. आयुष्यभर लोकांचे खसरे लिहिलेस, कोणाची किती जमीन, कोणाची विहीर कुठं, सगळं तुझ्या अक्षरात. तुझ्या स्वतःच्या नावावर मात्र घराखालच्या जागेपलीकडे एक ढेकूळ नव्हतं. आणि तरी तुझ्या गच्चीवर रंगाच्या डब्यात मिरच्या होत्या, तेलाच्या पिप्यात टमाटर, सिमेंटच्या पिशवीत भेंडी. जुन्या कुलरच्या टाकीत पालक इतका दाट की खालची माती दिसत नव्हती. माझ्या घरी तेव्हा फ्रिजमध्ये काय होतं? विकत आणलेली अर्धी फूलकोबी.

तू मला तिथंच, पायरीवर बसवून, पहिला धडा दिलास. डब्याला खालून भोकं पाड, नाहीतर मुळ्या सडतील. नुसती माती भरू नको. एक टोपलं माती, एक टोपलं कुजलेलं शेणखत, एक टोपलं तुरीचं कुटार, मळणीत उरतो तो भुसा. पाणी रोज ठरवून देऊ नको, आधी मातीत बोट घाल. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर पाणी नाही, नाही लागली तर दे. "एवढंच शास्त्र हाये," म्हणालास. "अन् आयक, मेथीपासून सुरू कर. नाही तं पालक, मुळा. महिन्याभरात ताटात येते, मानसाले जोर येते. नवशिक्यानं वांग्याच्या नादी लागू नये."

नवशिका! बासष्टाव्या वर्षी, आणि तेही एका बाबूच्या तोंडून! बसनं सौंसरला परत येईपर्यंत तो शब्द मी चावत होतो. मेथी काय, पोरीबाळी लावतात. मी वांगीच लावणार, असं बस मोहगावच्या फाट्याला यायच्या आत ठरवून मोकळा झालो. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग.

मग मी काय केलं, ते ऐक आणि हसून घे. मी वांग्यासाठी खड्डे खणले. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. संत्र्याच्या कलमाला खणतात तसे. खड्डा दोन दिवस उन्हात तापवला. तळाला पालापाचोळा, वर शेणखत, वर गाळाची माती. बाजारातून आणलेली बोटभर उंचीची बारा रोपं त्या बारा खड्ड्यांत उभी केली. निर्मला मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "अवो, हे वांगे लावून राह्यले का खांब गाडून राह्यले?" मी लक्ष दिलं नाही. पंधरा दिवसांनी बागेत युरिया टाकायचा होता, त्यातलाच एकेक पसा वांग्यांनाही टाकला. कंजूषपणा कशाला?

झाडं काय वाढली म्हणतोस! कमरेएवढी. पानं सुपाएवढी, हिरवीगर्द. मी तुला फोटो पाठवला. तू फोन केलास.

"झाडं मस्त हाये बे. फूल कुठी हाये?"

"येईन नं. तुले काय घाई?"

"तू खत किती टाकलं?" आणि मी सांगितल्यावर तू पलीकडे इतका हसलास की तुला ठसका लागला. "वसंत्या, माजले ते. आता थांब. खत बंद, पानी बेतानं. आपोआप येईन फूल. काही करू नको फक्त."

काही न करणं, हेच मला आयुष्यात जमलेलं नाही. दिवस मार्गशीर्षाचे होते, बागेला ताण द्यायची वेळ. तुला मी हे शंभरदा समजावलं आहे आणि तू शंभरदा "झाडाले तहानेलं ठेवनं पाप हाये" म्हणून मला चिडवलं आहेस. पण आंबिया बहार धरायचा तर तसंच करावं लागतं. थंडीत बागेचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, झाडाला तहान सोसायला लावायची. मग पौषात पाणी सोडलं की ते फुलानं लदबदतं. झाड माजलं, फुलत नाही, तर ताण दे. हे माझ्या बापानं मला शिकवलं, त्याच्या बापानं त्याला. आणि माझ्या सांदवाडीत बारा झाडं माजून उभी होती, फूल नव्हतं. अजून काय विचार करायचा?

मी वांग्यांचं पाणी तोडलं.

"अवो, झाडं मान टाकून राह्यले नं," तिसऱ्या-चौथ्या दिवशी निर्मला म्हणाली. "पानी तं टाका."

"तुले काय समजते त्यातलं? ताण सोसू दे."

"संत्रा हाये का तो? वांगं हाये ते, वांगं!"

मी तिला हात लावू दिला नाही. ती दुपारी लपून तांब्याभर पाणी घालायला गेली तर मी तिला हटकलं. आठव्या दिवशी खालची पानं पिवळी पडून गळाली. मी म्हटलं, पानगळ झाली, आता फुटणार. बाराव्या दिवशी शेंडे वाळले. सोळाव्या दिवशी मी एक झाड हलवून पाहिलं तर ते मुळापाशी कडकन मोडलं. मी त्याच संध्याकाळी बाराही झाडांना बादली-बादली पाणी घातलं, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्या.  निर्मलानं वाळकी झाडं उपटून चुलीमागं नेऊन टाकली, तेव्हा एवढंच म्हणाली, "भाऊजीले सांगा. ते हसतीन, पन सांगा."

मी सांगणारच होतो. तुझ्या शिव्या खायची तयारीही केली होती. पण त्याच आठवड्यात तुला नागपूरला नेलं.

दवाखान्याचं मी लिहीत नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुला घरी परत आणलं आणि डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं की आता मन करेल ते खाऊ घाला, तेव्हाच मी समजून गेलो. पथ्य उठवतात ते दोन वेळा, माणूस बरा झाला की किंवा... असो. तुझा फोन आला. आवाज खोल गेलेला, तरी आधी बे म्हणालास, मग बाकीचं.

"वांगे आले का बे?"

मन्या, त्या वेळी मी सांदवाडीतच उभा होतो. समोर बारा खड्डे. मी म्हटलं, "आले."

"खरं?"

"मग काय. चांगले हातभर. घेऊन येतो उद्या."

का म्हटलं, ते तूच सांग आता, तुला तिकडून दिसत असेल तर. तुझं मन राखायला म्हटलं, असं मी निर्मलाला सांगितलं. थोडं खरं आहे. पण सगळं नाही. तू जायच्या आधी तुझ्या नजरेत मला नवशिका राहायचं नव्हतं. तू आजारी होतास आणि मी तेव्हाही तुझ्याशी शर्यत लावून होतो. याची लाज मला त्या खोट्यापेक्षा जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेलो. तिथं सगळी वांगी एकसारखी, चकचकीत, पुसून ठेवल्यासारखी. ती नेली असती तर तू डोळे न उघडता ओळखलं असतंस. मग मी निवडून घेतली. एक वाकडं, एक लहान, दोन मध्यम. त्यातल्या एकाला अळीचं भोक पडलेलं होतं, तरी घेतलं. भाजीवाली म्हणाली, "दादा, ते किडकं हाये, बदलून देतो." मी म्हटलं, "तेच पाह्यजे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं! घरी येऊन देठांना सांदवाडीतली माती चोळली, दोन वांग्याची पानं खोचायला हवी होती पण पानं कुठली, ती चुलीत गेली होती. निर्मला कणीक मळता मळता सगळं बघत होती. "एक दिवस सांगा लागन," म्हणाली आणि पुन्हा कणकेत हात घातला.

तू वांगं हातात घेतलंस, उलटं-सुलटं केलंस, अळीच्या भोकावर अंगठा ठेवलास आणि हसलास. "अळीवर निमार्क मारला नाही वाटते," म्हणालास. "चालते. पयल्या वेळेस अळीलेबी वाटा देऊन टाकाचा." वहिनीनं निखाऱ्यावर भाजलं, हिरवी मिरची, लसूण, कच्चं तेल वरून. तू चार घास खाल्लेस. त्याआधीचे कित्येक दिवस तू पेजेच्या वर काही घेतलं नव्हतंस. वहिनीला म्हणालास, "पाहा, याच्या हाताले गुन आला." आणि मला म्हणालास, "आता तू शिकला. आता मले काळजी नाही."

तुला काळजी कसली होती, ते मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तेरवीचं जेवण झालं, पाहुणे पांगले, तेव्हा वहिनीनं मला जिन्यापाशी थांबवलं. म्हणाल्या, "भाऊजी, त्याईची गच्ची आता तुमीच पाहा. माह्ये गुडघे जिना चढू देत नाही. घरात दुसऱ्या कोनाले यातलं समजत नाही. तुमाले येते. नाही तं डबे भंगारात जातीन." त्या विश्वासानं बोलत होत्या आणि तो विश्वास चार बाजारच्या वांग्यांवर उभा होता. तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण घरात अजून रडण्याचा आवाज होता, आणि मी भित्रा आहे. मी म्हटलं, "पाहतो." आणि मनात एक ठरवलं. रिकाम्या हातानं कबुली द्यायची नाही. आधी काहीतरी खरं पिकवायचं, ते वहिनीच्या हातात ठेवायचं, आणि मग सांगायचं. त्याशिवाय तुझ्या घराची पायरी चढायची नाही.

डबे मी गडी पाठवून आमच्या ट्रॉलीत सौंसरला आणवले. पण सांदवाडीत नाही ठेवले. विहिरीजवळचा बागेचा तो कोपरा आहे ना, पाटाच्या कडेचा, दुपारी चिंचेची सावली येते तो, तिथं ठेवले. तू ज्या वर्षी रिटायर झालास त्या वर्षी माझ्याकडे तो मागितला होतास. "विकत नको, लिहून नको. नुसता वापराले दे. भाजी लावतो, अर्धी तुले." मी म्हटलं होतं, "पाहू." तू पुन्हा विचारलं नाहीस. मी का पाहू म्हटलं ते आज सांगतो. बापाचं एक वाक्य डोक्यात होतं, की तहसीलीतल्या माणसाला धुऱ्यावरसुद्धा बसू देऊ नये, तो उठताना बांध सरकवून उठतो. तुझ्याबद्दल, मन्या! शाळेत एका बाकावर बसलो, तू माझ्यासाठी मार खाल्लास, आणि मी तुला दहा पावलं जमीन वापरायला दिली नाही. म्हणून तू गच्चीवर गेलास. तिथं वीट-सिमेंटवर तू जे उगवलंस ते माझ्या काळ्या जमिनीत उगवू शकलं असतं, तुझे गुडघेही शाबूत राहिले असते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. निर्मलालाही नाही.

आता मेथी. ज्या दिवशी डबे लावले त्याच दिवशी पेरली, तू सांगितलीस तशी. म्हणजे मला वाटलं तशी. एका मोठ्या पिप्यात आमची काळी माती भरली, निव्वळ, आणि अभिमानानं भरली. या मातीसाठी लोक भांडतात, तिला कुटार कशाला? मेथी फेकली, वरून माती भुरभुरवली, पाणी दिलं. चार दिवसांत मातीची वीट झाली. भेगा पडल्या. सातव्या दिवशी मी नखानं एक ढलपा उचलला तर खाली मेथीचे कोंब पिवळे, वाकडे, दबून बसलेले. वर यायला वाट नव्हती त्यांना. मी तिथं विहिरीच्या काठावर बसलो आणि तुला मोठ्यानं शिवी दिली. सगळी बाग फुलली होती, वास नाकात भरत होता, ताण देऊन फुलवलेली माझी बाग, आणि मला डबाभर मेथी उगवता येत नव्हती.

सवयीनं फोन लावला. तुझाच नंबर. वाजला आणि उचललाही गेला.

"हो, बोला भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

 तुला सांगायचं तेच तोंडातून निघालं. "वहिनी, मेथी वर येऊन नाही राह्यली. माती दगड झाली."

"त्याई तं कुटार मिसळत होते. अर्ध्याले अर्धं. अन् पेरल्यावर गोणपाट झाकून ठेवत होते, कोंब दिसेपर्यंत." मग म्हणाल्या, "तुमी वांगे काढले, अन् मेथीचं इचारून राह्यले?"

मी म्हटलं, "विसरलो." आणि फोन ठेवला. त्या रात्रीची माझी भाकरी निर्मलानं गाईला घातली.

पण मन्या, मी सोडलं नाही. हे तुला कळायला हवं. पहिल्यांदा मी कोणालाही न दाखवता, कोणाशी शर्यत न लावता काम केलं. पिपा उपडा केला. माती फोडली, चाळली, कुटार मिसळलं, शेणखत मिसळलं. हातात घेऊन मूठ वळली, बोटानं टोचली तर फुटली. मेथी रात्रभर भिजवली, पेरली, गोणपाट झाकलं. सकाळ-संध्याकाळ बागेत गेलो की आधी पिप्याशी बसायचो आणि मातीत बोट घालायचो. दुसऱ्या पेरापर्यंत. ओल असेल तर झारी खाली ठेवायचो. हात शिवशिवायचे, पाणी घालू, खत टाकू, काहीतरी करू. नाही केलं. तू म्हणाला होतास ना, काही करू नको फक्त. पंचावन्न वर्षांच्या ओळखीत तुझं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य असावं, आणि ऐकलं कधी, तर तू गेल्यावर.

चौथ्या दिवशी गोणपाट उचललं. कोंब होते. मी वाकून मोजायला लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं. निर्मलाला बोलावून आणलं. ती म्हणाली, "आता ताण नका देऊ." मी म्हटलं, "बोट घाल." तिनं घातलं. हसलो दोघं. तू गेल्यानंतर आमच्याकडे हसणं असं झालंच नव्हतं.

चिमण्या आल्या, त्यांनी एक कोपरा खाऊन टाकला, त्यावर जुनी साडी बांधली. दाट झाली होती, ती विरळ करताना जीव वर-खाली झाला, पण केली. उपटलेली कोवळी रोपं निर्मलानं वरणात टाकली. महिना व्हायला दोन दिवस कमी असताना मेथी वीतभर झाली. परवा सकाळी दव सुकायच्या आत विळ्यानं कापली, देठ ओल्या फडक्यात गुंडाळले. दोन जुड्या. पहिल्या बसनं पांढुर्ण्याला आलो.

वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. जुड्या बघून त्यांनी सूप ओढलं आणि लगेच निवडायला घेतली. मी उभाच राहिलो. म्हणाल्या, "बसा. कोवळी हाये. छान काढली." मला वाटलं होतं आधी चहा होईल, तुझ्याबद्दल बोलणं होईल, मग हळूच विषय काढीन. तसं काही झालं नाही. मी म्हटलं, "वहिनी, ही मेथी माही हाये. ते वांगे माह्ये नव्हते."

त्यांचा हात थांबला.

"मंग कोनाचे होते?"

"बजारातले. माह्ये झाडं मेले होते. मीच मारले."

"त्याईले माहीत होतं?"

"नाही."

वहिनीनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, आणि आवाज चढवून नाही, "मी त्या चार घासाईवर दिवस काढून राह्यली, भाऊजी. रोज तेच आठवतो. त्याई हसले, त्याई जेवले. तुमी सांगून हलके झाले. माह्यं काय?"

 कबुलीचा इतका विचार केला होता मी, पण ती ज्याच्या पदरात पडेल त्याचं काय होईल हा विचार एकदाही केला नव्हता. मी म्हटलं, "चुकलो."

"हो, चुकले. अन् मले काय माफी मांगता? खोटं ज्याले सांगतलं त्याले सांगा."

म्हणून हे लिहितो आहे. तुझ्याच बायकोनं पाठवलं आहे मला.

मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "कुठी चालले? अर्धी जुडी राह्यली. निवडा." मी बसलो. आम्ही दोघांनी मेथी निवडली. त्यांनी भाजी टाकली, लसणाची फोडणी, वरून जरा बेसन, दोन भाकरी थापल्या. माझं ताट वाढलं, मग स्वतःचं घेतलं. दोन घास खाल्ल्यावर म्हणाल्या, "ते चार घास त्याईनं खाल्ले तं होतेच. भूक तं त्याईचीच होती." हे त्या मला सांगत नव्हत्या. मी खाली मान घालून जेवत राहिलो. भाजी कडवट होती, मेथी असते तेवढी.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. चेहरा अजून कठीणच होता. म्हणाल्या, "भाऊजी, आता वांगे आनान तं नुसते नका आनू. डब्यासकट आना, झाडाले लागलेले. मले पाह्याचं हाये. अन् आखाडीच्या आंदी आना. मंग चंपाषष्ठीपर्यंत मी वांगं शिवत नाही, तुमाले माहीत हाये."

काल वांग्याचं बी टाकलं, मन्या. तुझ्याच एका पसरट डब्यात, कुटार मिसळलेल्या मातीत, वर हिरवी जाळी बांधली आहे. रोपं महिनाभरात होतील, पुढचे दोन-अडीच महिने कडक ऊन आहे आणि ते मला काढायचं आहे. खत पसाभर नाही, चिमूटभर. पाणी बोटाला विचारून. आषाढी एकादशीच्या आधी एका सकाळी सौंसरच्या स्टँडवर एक म्हातारा मांडीवर तेलाचा पिपा घेऊन बसमध्ये बसेल, पिप्यात झाड असेल आणि लोक हसतील. कंडक्टर म्हणेल टपावर ठेवा. मी ठेवणार नाही. पांढुर्ण्यापर्यंत मांडीवरच धरीन, आणि झाडाला एकच लागलं असलं, वाकडं असलं, अळीनं खाल्लेलं असलं, तरी ते वहिनीला स्वतःच्या हातानं तोडायला लावीन.

शिव्या द्यायच्या तर आत्ता दे. तेव्हा मला वेळ नसेल.